विभक्तीचा मंतर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की मी पुढचं विसरतो, आणि हा किस्सा अर्धा राहिला तर मी नुसताच मूर्ख ठरेन. पुरा ऐकलात तर मूर्ख आणि भित्रा, असं दोन्ही ठरेन. घ्या, चहा घ्या.

जव्हारला राजांचं संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, कोकणातून तिथल्या मराठी शाळेवर नुकताच आलेला दुय्यम मास्तर. कोट नवा, छत्री नवी. भीती तेवढी जुनी, घरून आणलेली! मी कशाकशाला भ्यायचो सांगू? सापाला, विंचवाला, गावाबाहेरच्या रानाला, रानातल्या वाघाला, आणि ह्या सगळ्यांपेक्षा जास्त आमच्या हेडमास्तरांना. ते शेजारच्या वर्गात नुसते खाकरले तरी माझ्या हातातला खडू खाली पडायचा.

आणि अशा माणसाला वर्ग कोणता दिला? सगळ्यांत वरचा! तेरा ते सोळा वर्षांची पोरं. त्या वयाची पोरं तुम्ही कधी सांभाळलीत का? घटकेत हसतात, घटकेत डोळे भरून येतात, आणि का म्हणून विचारलं तर त्यांनाच ठाऊक नसतं. कचेरीतल्या कारकुनाचा गजानन होता. हिशेब चुकला की त्याला असा राग यायचा की पाटी थेट जमिनीवर. एका महिन्यात तीन पाट्या फोडल्या पठ्ठ्यानं!

आणि एक होता रावजी. वांगणीच्या वाटेवर, पाच कोसांवर एक पाडा आहे, तिथला. पंधरा वर्षांचा, उंच, काटक. जव्हारात मामाकडे राहून शिकत होता. अख्ख्या वर्गात तसं डोकं नव्हतं. पाटीवर लिहून दे म्हटलं तर सगळं बिनचूक. पण उभं राहून बोल म्हटलं की संपलं! घसा बंद, गुडघे लटलट, कपाळावर घाम, आणि मग एकदम दाराबाहेर धूम. गेला की आठ दिवस पाड्यावर.

"मास्तर," हेडमास्तर मला म्हणाले, "महिन्याभरात तपासनीस साहेब येतायत. तुमचा हा हुशार पोरगा त्यांच्यासमोर तोंड उघडणार आहे का?"

"उघडेल, उघडेल," मी म्हणालो. माझंच तोंड कसंबसं उघडत होतं.

"छडी घ्या हातात म्हणजे उघडेल. आणि नाही उघडलं तर दुसरी नोकरी बघून ठेवा!"

आता मला सांगा, जो स्वतः छडीला बघून थरथरतो तो ती पोरावर काय उगारणार? मी त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर रावजीला जवळ बसवलं.

"काय होतं रे तुला उभं राहिल्यावर?"

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "पोटात कायतरी धावतं, मास्तर. उंदरावानी. मंग वर घशात येतं, आनि तितंच बसतं."

मी चपापलो. अहो, तो उंदीर माझ्या चांगल्या ओळखीचा! रोज हेडमास्तरांच्या खोलीत तो माझ्याही घशात येऊन बसायचा. पण हे मास्तरानं पोरापुढे कबूल करायचं असतं का? मी आवाज भारदस्त केला.

"सोपं आहे! तो वर यायला लागला की डोळे मिटायचे आणि श्वास सोडत, हळूहळू काहीतरी म्हणायचं. मन त्यात गुंतलं की उंदीर आपोआप खाली बसतो."

"काय म्हनायचं?"

झाली पंचाईत! ऐन वेळी एक स्तोत्र धड आठवेना. समोर फळ्यावर सकाळचे विभक्तीचे प्रत्यय तसेच राहिले होते. दिलं ठोकून! "म्हण, स ला ते, स ला ना ते. ने ए शी, नी शी ई ही. ऊन हून, ऊन हून..."

रावजीनं फळ्याकडे वळून बघितलं. "मास्तर, ही तर विभक्ती."

"विभक्तीच! पण श्वास सोडत म्हटली की औषध!"

आणि लागू पडलं हो! चौथ्या दिवशी रावजी उभा राहिला. पाय कापत होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. "ऊन हून, ऊन हून..." मग डोळे उघडले आणि अख्खी कविता खणखणीत म्हणून दाखवली! वर्ग थक्क. मी तर आढ्याला जाऊन टेकलो. मग काय, गजाननालाही तेच औषध. राग आला की तो दात आवळून "चा ची चे, चे च्या ची" करायचा. पाटी वाचली!

इथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही. मी हेडमास्तरांसमोर छाती काढून सांगितलं, "पोरांच्या मनाचं म्हणाल तर त्याची किल्ली सापडलीय मला. भीती मुळापासून काढून टाकतो मी!"

मग भाताची कापणी आली. रावजी म्हणाला, "चार दिसांत येतो, मास्तर." चार दिवस गेले, आठ गेले, चौदा गेले. रावजीचा पत्ता नाही. तपासणी तर पाच दिवसांवर! मामाला विचारलं, तर तो मान हलवत म्हणाला, "कायतरी झालंय पाड्यावर. कोन कायच बोलत नाय."

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वर्गाच्या दारात दोन माणसं उभी राहिली. लंगोटी, खांद्यावर कांबळं, आणि कंबरेला बांधलेल्या लाकडी आकडीत हातभर कोयता.

"मंतरवाला मास्तर कोन?"

वर्गातली एकूणएक बोटं माझ्याकडे वळली. एकाही पोराला वाटलं नाही की मास्तरांना लपवावं!

"मी रावजीचा बा," पुढचा माणूस म्हणाला. "हा माजा भाऊ. भगतानं बोलावलाय तुला. चल."

भगत म्हणजे पाड्याचा वैद्य, देव सांगणारा, तंटे मिटवणारा, सगळं एकच माणूस. असल्या माणसाला दुसऱ्या कुणी मंतर दिलेला चालत नाही, असं मी ऐकलं होतं. माझ्या घशातला उंदीर एका उडीत वर आला.

"क... कशाला बोलावलंय?"

"भगत सांगल."

तेवढ्यात हेडमास्तर आले. मला वाटलं, सुटलो! ते नक्की म्हणतील, शाळेच्या वेळात मास्तर कुठेही जाणार नाहीत. ते म्हणाले, "जा की! आणि तो पोरगा घेऊनच या. हात हलवत परत आलात तर शाळेची पायरी चढू नका."

निघालो. पुढे रावजीचा बाप, मागे काका, मधे मी. कैदी कसा नेतात? तस्साच. गाव मागे पडलं, रान सुरू झालं. सकाळचं स्वच्छ ऊन होतं, पण मला प्रत्येक करवंदीच्या जाळीत दोन डोळे दिसत होते. एका सागाच्या खोडाची साल ओरबाडलेली होती.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"बिबळ्यानं नखं घासलीत," काका म्हणाला.

"जुनं असेल ना?"

त्यानं खोडाला बोट लावून बघितलं. "नाय. आजचंच हाय."

पुढे कोसभर मी छत्री उघडून चाललो. का ते विचारू नका. बिबळ्या छत्रीला भितो असं कुठं लिहिलेलं नाही, पण हातात दुसरं होतं काय?

शेवटी धीर करून बापाला विचारलं, "रावजी बरा आहे ना?"

बाप वळलासुद्धा नाही. चालता चालता म्हणाला, "पोरं हातची गेली रं, मास्तर."

मी ओरडलोच. "गेली? किती?"

"चार. रावजी, त्याची बहीन चंदरी, आनि ह्या भावाची दोन. तुजा मंतर म्हनला आनि गेली."

"कशी... कशी गेली हो?"

"हसत गेली," बाप म्हणाला, आणि त्यानं हात आभाळाकडे केला. "वर."

मंडळी, तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा! चार पोरं! माझ्या विभक्तीनं! काय झालं असेल? श्वास कोंडला असेल? 'श्वास सोडत म्हण' असं मी सांगितलं होतं, पण परत घे असं सांगितलं होतं का? आठवेना! त्या बापाकडे बघितलं, तर डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. दुःखानं दगड झालाय बिचारा, असं वाटलं. मग नजर कोयत्यावर गेली आणि वाटलं, दगड झालेला माणूस काहीही करू शकतो. पळावं, तर मागे काका आणि त्याच्या मागे बिबळ्या! 'ऊन हून' म्हणायला गेलो, तर त्या अक्षरांचीच भीती वाटायला लागली. मेलेल्या रावजीचा चेहरा समोर यायचा. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला नोकरीचं काही वाटलं नाही, फाशीचंही वाटलं नाही. 'मास्तर, ही तर विभक्ती' म्हणणारा तो आवाज आता ऐकू येणार नाही, एवढंच आत टोचत होतं.

दुपारी पाड्यावर पोहोचलो. कुडाची सात-आठ घरं, खळ्यावर भाताच्या भाऱ्यांची उडवी. बाया काम सोडून माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. चिंचेखाली एक म्हातारा बांबूच्या पट्ट्या तासत बसला होता. लहानसा, सुरकुतलेला. मला बोलावणारा भगत तो हाच, लखमा नाव.

तो काही बोलायच्या आत मी छत्री टाकली आणि त्याच्या पायाशी लोटांगण घातलं.

"भगतबाबा, मी खुनी आहे! मला काय ती शिक्षा द्या! चारही पोरं माझ्यामुळे मेली!"

"कोन मेलं?" भगतानं विचारलं.

"रावजी मेला! चंदरी मेली! चौघंही मेली हो!"

आणि मग जे झालं ते देव कुणाला न दाखवो. रावजीच्या आईनं हातातलं सूप फेकलं आणि हंबरडा फोडला. "मास्तर सांगतो, पोरं मेली!" दुसरी बाई छाती पिटायला लागली. मी चक्रावून मान वर केली, तर ज्या बापाला मी दगड समजत होतो तो पांढराफटक पडला होता.

"कवा मेली? तुला कोनी सांगितलं?" त्यानं माझा कोट धरून मला उभं केलं.

"तुम्हीच सांगितलंत! हसत वर गेली म्हणून!"

"वर म्हंजे कड्यावर, असं सांगितलं मी! मोहळ काढाया!"

पण आता ऐकतो कोण? मास्तर शिकलेला माणूस, त्याच्यापाशी मंतर, त्याला दिसलं असेल! कड्यावरून पोरं पडली असणार! अख्खा पाडा ओरडत, रडत डोंगराकडे धावत सुटला. बाप सगळ्यांच्या पुढे. मीही धावलो, धोतर सावरत, रडत, कोणासाठी रडतोय ते न कळता. पोरं जिवंत होती म्हणून आनंदानं रडू, की आता माझ्या तोंडून निघालंय तर खरंच पडली असतील ह्या भीतीनं रडू? ती भीती मात्र आधीच्या सगळ्या भीतींच्या वरताण होती. वर बघितलं, तर सरळ उभा काळा कडा. मोठी माणसंसुद्धा दोर बांधल्याशिवाय तिथं जात नाहीत, असं कुणीतरी धापा टाकत सांगितलं.

अर्ध्या वाटेवर झाडीतून चार डोकी बाहेर आली. हनुवटीपर्यंत मध माखलेला. सगळ्यांत पुढे तेरा वर्षांची चंदरी, हातात मोहळाचा भलामोठा तुकडा, आणि तोंडात? "स ला ना ते, स ला ना ते!"

रावजी मागून आला. "मास्तर! तुमी इथं? आनि रडताय कशाला?"

आईनं त्याला पोटाशी धरलं आणि दुसऱ्याच क्षणी पाठीत धपाटा घातला. बापानं तर मला उचलून आपटलंच असतं, पण तो तिथेच मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला. ते बघून मी खाली मान घातली, ती बराच वेळ वर केली नाही.

परत चिंचेखाली आलो. भगत तिथेच बसलेला. शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुला का बोलावला ठावं हाय?"

"नाही हो," मी म्हणालो.

"ह्या रावजीनं तुजा मंतर पोरांना शिकवला. आता ह्यांना कशाचंच भ्या वाटत नाय. एकटी रानात जातात. दोर न बांधता कड्यावर जातात. सांगाया गेलं तर डोळे मिटून ऊन हून, ऊन हून! तू ह्यांचं भ्या पार काढून टाकलंस. थोडं परत घाल."

"परत? भीती परत घालायचा मंत्र मला येत नाही हो!"

"मंग काढलंस कशाला?"

मी विषय बदलायला रावजीकडे वळलो. "तू शाळेत का आला नाहीस?"

तो साधेपणानं म्हणाला, "मास्तर, मी अभ्यास भेऊनच करत व्हतो. तुमी रागवाल, हेडमास्तर मारतील म्हनून. आता भ्याच नाय. मंग अभ्यास कशाला करू?"

घ्या! मी पोराची भीती काढली आणि भीतीबरोबर अभ्यासही निघून गेला! मनाची किल्ली म्हणे!

भगतानं चौघांना पुढ्यात बसवलं. रागावला नाही, काही नाही. "खरं सांगा, कड्यावर पाय ठेवताना पोटात काय होतं?"

चंदरीनं मध चाटणं थांबवलं. "धडधडतं."

"मंग?"

"मंग मंतर म्हनायचा. धडधड थांबते."

"अगं, ती धडधड तुला सांगत असते, बघ, पाय कुठं ठेवलास, दोर कुठं हाय. आदी तिचं ऐकून घे. दोर बांध. मंग खुशाल मंतर म्हन." मग तो रावजीला म्हणाला, "आनि तू. शाळेत पैल्यांदा गेलास तो काय मास्तराला भेऊन गेलास?"

रावजीनं बापाकडे बघितलं. "नाय. जंगलाचा शिपाई कागद आनतो, बा त्याच्यावर अंगठा देतो. त्यात काय लिवलंय ते बाला ठावं नसतं. ते मला वाचायचं व्हतं."

"वाचाया आलं?"

"अजून सगळं नाय येत. त्यातलं लिवनं लई अवघड असतं."

"मंग जा की!"

बस, एवढंच. मी महिनाभर ज्याच्यासाठी डोकं फोडत होतो ते त्या म्हाताऱ्यानं बांबूची एक पट्टी तासून व्हायच्या आत उरकलं. रावजी उठला आणि आपलं दप्तर शोधायला घरात गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही निघालो. भगतानं चारही पोरांना माझ्याबरोबर दिलं. मला वाटलं, माझा मान राखतोय. तर तो पोरांना म्हणाला, "ह्याला जव्हारपोत पोचवा. आनि वाटंत ह्याच्याकडं नीट बघा. भ्या कसं असतं ते इसरलात ना? ह्याच्याजवळ लई हाय."

आणि मी त्याला निराश केलं नाही! वानर ओरडलं, मी रावजीचा हात धरला. पाला वाजला, मी चंदरीचाही हात धरला. ओढ्यात पाय घातला तर पायाला काहीतरी गार लागलं. मासा असेल, पण मी जी उडी मारली ती सरळ रावजीच्या पाठीवर! एक जोडा ओढ्यात गेला, छत्री करवंदीत अडकली ती तिथेच राहिली. पोरं हसली नाहीत. खरंच नाही हसली. चंदरी वळणावळणाला पुढे जाऊन जाळी बघून यायची आणि म्हणायची, "ये मास्तर, काय नाय इथं."

अशा थाटात मी जव्हारात शिरलो. कोट फाटलेला, एका पायात जोडा, आणि रावजीचा हात घट्ट धरलेला. शाळेपाशी आलो, तर ओसरीवर हेडमास्तर, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर उपरणं सावरत कोण? तपासनीस साहेब! तीन दिवस आधीच हजर!

हेडमास्तरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रावजीकडे. मग साहेबांना ऐटीत म्हणाले, "हाच तो विद्यार्थी. आमचे मास्तर पाच कोस जंगल तुडवून त्याला घेऊन आले, बघा!"

"असं का?" साहेब रावजीकडे झुकले. "काय रे, मास्तरांनी आणलं ना तुला?"

हाच तो प्रसंग! आता ह्याचा घसा बंद होणार, गुडघे कापणार, हा पळणार! मी मनात म्हणत होतो, बोल रे रावजी, एवढं एक वाक्य बोल, माझी नोकरी वाचव!

आणि रावजी बोलला. डोळे न मिटता, मान वर करून, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.

"नाय, साहेब. मास्तर वाटंत लई भेत व्हते. मीच त्यांना आनलं!"